बछडे उसात, आई कुठे?

गाळप हंगाम सुरू झाला की या सदराच्या टपालात बिबट्या येतोच. या वेळी पहिल्याच पत्रात त्याच्या आधी सील आला. पण प्रश्न एकच होता, म्हणून सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : टीव्हीवर सीलचा कार्यक्रम पाहिला. आई पिल्लाला खडकावर एकटं ठेवून चार-पाच दिवस समुद्रात निघून जाते. नात म्हणाली, "आजोबा, ही कसली आई?" मागच्या वर्षी शेजारच्या वावरात ऊस तोडताना बिबट्याचे दोन बछडे सापडले, तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, की आई टाकून गेली. या आया पिल्लं सोडून जातात तरी कशाला? (एक आजोबा, ता. राहाता)

उत्तर : पोटासाठी. आणि ते पोट एकटीचं नसतं. पिल्लाला दूध पाजायचं तर आईच्या अंगात ते तयार व्हायला हवं, आणि त्यासाठी तिने खायला हवं. हा हिशेब प्राण्यांनी दोन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो, आणि सीलच्या कुळात दोन्ही तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा साठ्याची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर येणारी एलिफंट सीलची मादी अंगात चरबीचा भरपूर साठा घेऊनच विते. पुढचे जवळपास चार आठवडे ती पिल्लाजवळून हलत नाही आणि एक घासही खात नाही. तिचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतं, पिल्लाचं तिप्पट होतं. मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते, ती पिल्लासाठी परत येत नाहीच. उत्तर अटलांटिकमधल्या हूडेड सीलचं तर सगळंच झटपट. ती बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवर विते आणि जेमतेम चार दिवस पाजते. त्या दुधात साठ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडे डेअरीवर गायीच्या दुधाला साडेतीन-चार आणि म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागते, यावरून अंदाज घ्या.

दुसरी तऱ्हा जा-ये करण्याची. तुम्ही पाहिलेली बहुधा फर सील असणार. अंटार्क्टिक फर सीलची आई व्यायल्यावर आठवडाभर पिल्लाजवळ राहते. त्यानंतर काही दिवस समुद्रात आणि एक-दोन दिवस किनाऱ्यावर, अशा फेऱ्या ती सुमारे चार महिने मारते. तिचं अंग लहान, मादीचं वजन साधारण तीस-चाळीस किलो. एवढ्याशा अंगात महिनोनमहिने पुरेल असा साठा मावतच नाही. शेकडो किलोंच्या एलिफंट सीलला जे जमतं ते हिला जमायचं नाही. त्यामुळे समुद्रात गेल्याशिवाय तिच्या पिल्लाला दूध नाही.

आपल्या भागातली बिबट्याची मादीही वजनाने साधारण तेवढीच, आणि तऱ्हाही हीच. तिला जावंच लागतं. नातीला सांगा, पिल्लू एकटं दिसतं याचा अर्थ आई कामावर गेली आहे.

प्रश्न : समुद्रात ना वाट ना खूण. मग सीलच्या आईला अन्न सापडतं कसं? आणि परत आल्यावर हजारो पिल्लांतून आपलं पिल्लू ती ओळखते कशी? (एक विद्यार्थिनी, संगमनेर)

उत्तर : फर सीलचं मुख्य खाणं म्हणजे क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव आणि छोटे मासे. हे जीव दिवसा खोल पाण्यात असतात आणि अंधार पडला की वर येतात. त्यामुळे फर सील प्रामुख्याने रात्री बुड्या मारते. कमी खोल जावं लागतं, म्हणजे कमी दमात जास्त घास.

अंधारात भक्ष्य शोधायला मिशा कामी येतात. जर्मनीत गुइडो डेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी हार्बर सीलच्या डोळ्यांवर पट्टी बांधून एक लहानशी पाणबुडी पाण्यातून फिरवली. पाणबुडी पुढे गेल्यावर पाण्यात जी खळबळ मागे उरते, तिचा माग सीलने नुसत्या मिशांनी काढला. हे संशोधन 2001 साली प्रसिद्ध झालं. मासा डोळ्यांसमोरून निघून गेला तरी त्याच्या शेपटीने ढवळलेलं पाणी त्याची चुगली करतं.

सील पाण्याखाली काय करते हे आपल्याला कळू लागलं ते गेल्या साठ वर्षांत. 1960च्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलवर बुडीची खोली आणि वेळ टिपणारं यंत्र बसवलं. त्याने ते बनवलं होतं स्वयंपाकघरातल्या टायमरपासून. आज तेच काम बोटाएवढी यंत्रं करतात. ती केसांवर चिकटवतात आणि आई पिल्लाकडे परतली की काढून घेतात. क्रिल कमी असलेल्या वर्षी आईच्या फेऱ्या लांबतात आणि पिल्लांची वाढ मंदावते, हे अशा नोंदींतूनच दिसलं.

आता ओळखीचं. आपल्याच हिंदी महासागरात, पार दक्षिणेला, ॲमस्टरडॅम नावाचं फ्रेंच बेट आहे. तिथल्या फर सीलची आई हिवाळ्यात दोन-तीन आठवडेसुद्धा समुद्रात असते. इझाबेल शारिये आणि सहकाऱ्यांनी तिथे नवजात पिल्लांना लाउडस्पीकरवरून आयांचे आवाज ऐकवले. जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत पिल्लू आपल्या आईचा आवाज ओळखायला शिकतं. आणि पिल्लू शिकल्याशिवाय आई पहिल्या फेरीला निघत नाही! परतल्यावर ती किनाऱ्यावरून हाका मारते, तिचंच पिल्लू ओ देतं, आणि शेवटची खात्री ती वास घेऊन करते. दुसऱ्याचं पिल्लू पिऊ लागलं तर हुसकावते, कारण इतक्या कष्टाचं दूध वाटत बसणं तिला परवडत नाही.

प्रश्न : समुद्रात मासे तरी आहेत. आमच्याकडे ना जंगल, ना हरणं. मग उसातली बिबट्याची मादी खाते काय आणि पिल्लं जगवते कशी? (एक शिक्षक, अकोले)

उत्तर : या प्रश्नावर भारतातलं सर्वांत चांगलं काम तुमच्याच तालुक्यात झालं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं, पुढे कालव्यांचं पाणी फिरलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 साली त्याचं गाळप सुरू झालं. मग कारखान्यांमागून कारखाने आले आणि कोरडवाहू शिवारात उसाचे फड उभे राहिले. सुरू ऊस बारा महिने, आडसाली सोळा-अठरा महिने उभा असतो. आत गर्द सावली, पाटाचं पाणी जवळ, आणि तोडणीपर्यंत माणसाची फारशी ये-जा नाही. विण्यासाठी याहून बरी जागा मादीला कुठे मिळणार?

डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून बिबटे मोजले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा या भागात, 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस निघाले. 2013 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अभ्यासकांनाही नवल वाटलं. तुमच्या गावकऱ्यांना वाटलं नसेल. दर वर्षी वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य ठेवणाऱ्यांना शेजार माहीत असतोच.

पुढचा अभ्यास विष्ठेचा. विष्ठेत सापडलेल्या केसांवरून कोणता प्राणी पोटात गेला ते कळतं. अकोल्याच्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा वाटा शेळीचा नव्हता, कुत्र्याचा होता : एकट्या कुत्र्याचा 39 टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. कारण सरळ आहे. शेळीला राखण असते, रात्री गोठा असतो. मोकाट कुत्र्याला दोन्ही नाही. उरलेल्यात मांजरं आणि उंदीर-घुशींसारखं रानातलं बारीकसारीक.

म्हणजे फर सील जशी क्रिल वर यायची वेळ साधते, तशी ही मादी गाव निजायची वेळ साधते. जीपीएस कॉलर लावलेल्या पाच बिबट्यांचा (चार महाराष्ट्रातले, एक हिमाचलमधला) अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. रात्री ते तासाला सरासरी 339 मीटर चालत आणि दिवसा फक्त 60. रात्रीचे बारा तास धरले तर चार किलोमीटर होतात. दाट वस्तीत राहणाऱ्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी 20 टक्के नोंदी घरापासून 25 मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा हेच प्रमाण एक टक्का. आपल्या भिंतीपलीकडून बिबट्या जातो आणि आपल्याला पत्ता नसतो, तो असा.

पिल्लांचं वेळापत्रक असं. साधारण तीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन-तीन बछडे होतात, प्रत्येक जेमतेम अर्ध्या किलोचं, डोळे मिटलेले. पहिले काही आठवडे मादी जवळपासच शिकार करून परतते. या काळात मांस घरी येत नाही. तिने खायचं आणि त्याचं दूध व्हायचं. बछडे दोनेक महिन्यांचे झाले की ती त्यांना शिकारीपाशी नेऊ लागते. तीन महिन्यांच्या सुमाराला दूध सुटत येतं, पण स्वतः शिकार करून जगण्याइतकी तयारी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. सुरुवातीच्या दिवसांत ती अधूनमधून बछड्यांची जागा बदलते. मानेच्या सैल कातडीला धरून एकेकाला उचलते, आणि उचललं की बछडं अंग सोडून गप्प लोंबकळतं. तोडणीची टोळी नेमकी अशा वेळी आली तर? आवाजाने मादी बाजूला होते, बछडे सरीत राहतात.

प्रश्न : बछड्यांना माणसाचा हात लागला की आई त्यांना घेत नाही म्हणतात. खरं का? सापडले तर नेमकं काय करायचं? (ऊसतोडणीचे एक मुकादम, ता. पाथर्डी)

उत्तर : खरं नाही. हात लागलेले बछडे मादी घेऊन जाते, आणि याचे पुरावे जुन्नर, नगर, नाशिक पट्ट्यात भरपूर आहेत. म्हणून हात लावावा असं मात्र नाही.

बछडे दिसले की कोयता थांबवा, तेवढ्या भागातून टोळी बाहेर काढा, आणि वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. फोटोसाठी मांडीवर घेणं, बाटलीने दूध पाजणं, घरी नेणं हे काहीही नको. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, बछडं जवळ ठेवणं गुन्हा आहे. आणि मादी बहुधा दूर गेलेली नसते. पिल्लं हरवलेली मादी बिथरलेली असते, तेव्हा तिथे गर्दी करणं धोक्याचं.

पुढचं काम वन विभागाचं, आणि बऱ्याचदा जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात काम करणाऱ्या वाइल्डलाइफ एसओएस संस्थेच्या पशुवैद्यांचं. ते बछडे तपासतात, गोचिड्या काढतात, नर-मादी आणि वय पाहतात, ओळखीसाठी मायक्रोचिप बसवतात. संध्याकाळी बछडे एका क्रेटमध्ये ठेवून क्रेट नेमक्या सापडल्या जागी परत ठेवतात. बछडे बाहेर पडू नयेत पण मादीला पंजाने झाकण पाडता यावं, अशी मांडणी. आसपास कॅमेरे लावतात आणि माणसं लांब जातात. टिपलेल्या चित्रफितींत दिसतं ते असं : मादी आधी क्रेटभोवती फिरते, थांबते, कानोसा घेते. मग क्रेट आडवा करते, एका बछड्याला मानेला धरून अंधारात जाते, आणि काही वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तीच तयारी करतात. सारी मदार जागेवर असते. तुम्ही बछडे उचलून चौकात आणले आणि कुठल्या सरीत सापडले ते सांगता आलं नाही, तर मादी शोधणार कुठे?

मुकादमसाहेब, दोन गोष्टी टोळीला जरूर सांगा. फडाच्या कडेला तान्ह्या बाळाची झोळी बांधली तर मोठं माणूस जवळ हवंच. सोबत दुसरं लहान मूल असून भागत नाही. आणि पाचट पेटवण्याआधी फडातून एक चक्कर मारा.

प्रश्न : उसात सापडलेलं पिल्लू बिबट्याचंच हे कसं ओळखावं? (एक शेतकरी, ता. राहुरी)

उत्तर : बऱ्याचदा ते नसतंच. अकोल्याच्या कॅमेऱ्यांत रानमांजर आणि वाघाटी या दोन्ही छोट्या मांजरी आल्या होत्या, आणि उसात त्याही राहतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर गर्दीने ठिपके असतात, पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात. रानमांजराच्या पिल्लावर ठिपक्यांऐवजी पुसट पट्टे दिसतात. पण खात्री करायला जवळ जाऊ नका. लांबून फोटो काढून वनरक्षकाला पाठवा. पिल्लू कोणाचंही असो, नियम एकच : जागा सोडायची नाही.

प्रश्न : रेहेकुरीजवळ गवतात काळविटाचं पाडस एकटंच निपचित पडलेलं दिसलं. उचलून आणायला हवं होतं का? (एक युवक, कर्जत)

उत्तर : नाही, आणि आणलं नाहीत हे उत्तम केलंत. 1980 साली जाहीर झालेलं रेहेकुरीचं अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. काळविटं बाहेरच्या माळांवर आणि वावरांतही चरतात, त्यामुळे असं पाडस कुणालाही दिसू शकतं. हरणी मुद्दाम त्याच्यापासून दूर चरते. पाडसाला वास फारसा येत नाही, ते मान जमिनीला लावून पडून राहतं. हरणी जवळ उभी राहिली तर लांडग्याला पत्ताच मिळेल. ती ठरावीक वेळाने येऊन पाजते आणि पुन्हा लांब जाते. पाय मजबूत झाले की पाडस तिच्याबरोबर कळपात फिरू लागतं.

याच माळावरच्या लांडगिणीची गोष्ट वेगळी. तिला कुटुंब असतं. सुरुवातीला ती बिळाजवळ थांबते आणि नर व आधीच्या विणीतली थोरली पिल्लं शिकार करून येतात. गिळून आणलेलं मांस ती पिल्लांपुढे ओकून टाकतात. बिबट्याच्या मादीला असा कुणाचा हातभार नाही. नर बछड्यांसाठी काही आणत नाही.

प्रश्न : हे सगळं ठीक. पण आमची माणसं जातात, मुलं जातात. मादी बछड्यांसकट पकडून लांबच्या जंगलात सोडायला काय हरकत आहे? (एक शेतकरी, ता. पारनेर)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांना आकडेवारी ऐकवण्यात अर्थ नाही. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण नुसता दिसला म्हणून पकडून लांब सोडण्याचा उपाय आपण करून पाहिलेला आहे. जुन्नर भागात बिबटे पकडून इतरत्र सोडण्याची मोहीम सुरू झाली, त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. 2001 ते 2003 या काळात ते सरासरी 17 झाले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला.

असं का झालं असावं याचं एक उत्तर वरच्या प्रश्नांतच आहे. पिल्लं वाढवणारी मादी दातांच्या जोरावर जेवढी जगते, तेवढीच आपला भाग पाठ असण्याच्या जोरावर. कुठल्या वस्तीवर कुत्री मोकळी, कुठला पाट रात्री निर्जन, कुठल्या फडात शिरलं की माणूस गाठ पडत नाही, हे तिला माहीत असतं. कॉलर लावलेल्यांपैकी दोन माद्यांना पकडल्या जागेजवळच सोडलं होतं. त्यांचं 11 आणि 15 चौरस किलोमीटरमध्ये भागत होतं. 52 किलोमीटर लांब सोडलेली मादी मात्र पाच महिने भटकली आणि शेवटी 65 चौरस किलोमीटरमध्ये स्थिरावली. अनोळखी मुलखात भुकेलं जनावर सोडणं म्हणजे त्याची माणसाशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढवणं. शिवाय तिची इथली जागा रिकामी राहत नाही. ऊस आहे, पाणी आहे, कुत्री आहेत, दुसरा बिबट्या येतो.

आपल्या हातात आहे ते तिचं खाणं. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद करा. दिवेलागणीनंतर मुलांना उसाच्या कडेने एकटं पाठवू नका, परसाकडे जातानाही मोठं माणूस सोबत असू द्या. आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणं थांबवा. त्यांच्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. पिंजऱ्याचा अर्ज वन विभागाकडे जरूर द्या, पण त्याच ग्रामसभेत कोंबड्या पुरायचा खड्डा कुठे खणायचा आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी कधी करायची, याचेही ठराव करा. पिंजऱ्याने एक बिबट्या जाईल. खड्डा आणि नसबंदी झाली, तर पुढच्या मादीला तुमच्या वस्तीवर यायचं कारण कमी होईल.